रंगाखालचा गंज

गेल्या खेपेस या सदरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई केव्हां व कशी करवून घ्यावी, याविषयीं चार शब्द लिहिले होते. तें वाचून रत्नागिरीकडील एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, "भांड्यांचें झालें; पण घरांतील लोखंडाचें काय?" त्यांच्या घरची लहान होडी चाकांच्या लोखंडी गाड्यावर घालून खाडीपर्यंत नेतात, आणि तो गाडा थोड्याच वर्षांत गंजून निकामी होतो, अशी त्यांची तक्रार आहे. पत्र वाचून प्रथम मला हसूं आलें. शेगांवच्या एका सेवानिवृत्त शिक्षकानें होडीच्या गाड्याविषयीं काय सांगावें? आमच्या गांवाहून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. परंतु थोडा विचार केल्यावर वाटलें कीं, या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्हां खारपाणपट्ट्यांतील लोकांना थोडाबहुत अधिकार आहे. आणि मला तर तो एका लाजिरवाण्या चुकीमुळें मिळाला आहे. ती चूक आज वाचकांपुढें मांडतों.

पूर्णा नदीच्या दोहों अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी व कसदार. कापूस, तूर, हरभरा चांगला येतो. पण विहीर खणली कीं पाणी खारें लागतें. पिण्यास तें नकोसें आणि पिकास अपायकारक. आमच्या जुन्या वाड्यांतील विहिरीवर माझ्या लहानपणीं लोखंडी पोहरा असे. दोन पावसाळे झाले कीं त्याचें बूड गळूं लागे. आजी म्हणे, "आपली विहीर लोखंड खाते." समुद्रकांठचें पाणी जें होडीच्या गाड्यास करतें, तेंच आमची विहीर पोहऱ्यास करीत होती.

आतां मूळ गोष्ट. आमचा पुतण्या शेती पाहतो. त्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबाची कामधेनूच. पेरणीस खत, हंगामांत कापूस आणि उन्हाळ्यांत पाण्याची टाकी, सर्व ओझें तिच्यावर. चार वर्षांमागें घरांत पुतणीचें लग्न निघालें. ट्रॉलीच्या ज्या दांड्यास ट्रॅक्टरला जोडण्याचा हूक असतो, त्या दांड्यावर तपकिरी फोड आले होते. पुतण्या म्हणाला, "काका, लग्नाआधीं वेल्डिंगवाल्याकडे नेऊन दांडा एकदां दाखवून घेऊं." घरांत खर्च चहूंकडून चालला होता. मीं सांगितलें, "अरे, लोखंड तें, त्यास काय व्हायचें आहे? वरवर खरवडून रंगाचे दोन हात दे. दारांत चार पाहुणे येतील, दिसायलाहि बरें." वडील माणसाचा शब्द मोडूं नये म्हणून त्यानें तसेंच केलें. निळ्या रंगानें ट्रॉली नवीसारखी दिसूं लागली आणि मला आपल्या काटकसरीचा अभिमान वाटला.

त्या वर्षीं पाऊस लांबला. आषाढांत गोड्या पाण्याची टाकी भरून ट्रॉली शेतावर चालली असतां नाल्याच्या चढावर तो दांडा हुकाच्या मुळाशीं मोडला. चढावर चाकास दगड लावण्यासाठीं आमचा सालगडी मागें चालत होता. भरलेली ट्रॉली मागें घसरली आणि त्याचा पाय चाकाखालीं आला. प्राण वांचला, पण हाड दोन ठिकाणीं मोडलें व तो चार महिने अंथरुणावर पडून होता. औषधोपचाराचा खर्च आणि त्याचें ठरलेलें साल आम्हीं दिलें. त्यांत उपकार कांहीं नाहीं, तें कर्तव्यच होतें. परंतु तो पाय पूर्वीसारखा झाला नाहीं.

मोडलेला दांडा घेऊन मी वेल्डिंगवाल्याकडे गेलों. त्यानें तो हातांत घेतला, दगडावर आपटला, आणि आंतून चमचाभर नव्हे, चांगला ओंजळभर तपकिरी पापुद्रा बाहेर पडला. तो म्हणाला, "गुरुजी, रंग लय चांगला हाये, पन त्याच्या अंदर लोखंडच नाई राह्यलं." तीस वर्षें मुलांकडून अमरकोश पाठ करवून घेतला. त्यांत लोखंडाच्या मळास मंडूर व सिंहाण अशीं दोन नांवें दिलेलीं आहेत, हें मी झोपेंतहि सांगितलें असतें. पण तो मळ ओळखावा कसा, हें मला त्या दिवशीं एका लोहाराच्या मुलानें शिकविलें. पुढें जें लिहितों, त्यांतील पुष्कळसें त्याच्या दुकानांत बसून, आणि उरलेलें पुस्तकें चाळून मिळविलेलें आहे.

गंज म्हणजे काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं म्हणजे गंज होतो. यांतील एक काढून घेतलें कीं तो थांबतो. कोरड्या हवेंत खिळा वर्षानुवर्षें तसाच राहतो. मग मिठाचें काम काय? मीठ स्वतः गंज नव्हे. गंजण्याच्या क्रियेंत लोखंडाच्या पृष्ठावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं अत्यंत सूक्ष्म असा विद्युत्प्रवाह वाहत असतो, आणि खाऱ्या पाण्यांतून तो गोड्या पाण्यापेक्षां फार सुलभपणें वाहतो. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. श्रावणांत स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीस पाणी सुटतें, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. ट्रॉलीच्या सांध्यांत अडकलेल्या मिठासहि तसेंच पाणी सुटतें. म्हणजे पाऊस पडला नाहीं, गाडा छपराखालीं उभा आहे, तरी तो आंतून ओलाच असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, गंज हा मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापतो. दुप्पट, तिप्पट, कधीं त्याहूनहि अधिक. म्हणून तो रंगास खालून उचलतो आणि फोड येतात. फोड दिसला याचा अर्थ रंग बिघडला असा नसून, रंगाखालीं लोखंड बिघडलें आहे असा आहे. त्यावर पुन्हां रंग देणें म्हणजे गळवावर चंदनाची उटी लावण्यासारखें आहे. मीं नेमकें तेंच केलें.

येथें कोणी सुज्ञ वाचक दिल्लीच्या लोहस्तंभाचें उदाहरण देतील. गुप्तकाळांतील हा सुमारे ७ मीटर उंचीचा आणि ६ टनांहून अधिक वजनाचा स्तंभ दीड हजारांहून अधिक वर्षें उघड्यावर उभा आहे, ही गोष्ट खरी व अभिमानास्पद आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा विशेष अभ्यास करून दाखविलें कीं, त्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्याच्या पृष्ठावर एक पातळ, चिवट थर बसला व तोच त्याचें रक्षण करतो. त्यास दिल्लीच्या कोरड्या हवेचेंहि साहाय्य झालें. पण त्याच स्तंभाचा जो भाग जमिनींत गाडलेला होता, त्यास गंज लागलाच होता. बाजारांतून आपण जें लोखंड आणतों, त्यांत स्फुरद मुद्दाम कमी राखलेला असतो, कारण त्यानें पोलाद ठिसूळ होतें. तेव्हां पूर्वजांच्या स्तंभाकडे पाहून आपल्या ट्रॉलीची चिंता सोडूं नये.

आतां प्रतिबंध. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोड्या पाण्यानें धुणें. होडीचा गाडा खाडींतून वर आला कीं त्याच दिवशीं धुवावा. आमच्याकडे खाऱ्या विहिरीचें पाणी वाहिल्यावर, आणि विशेषतः खत वाहिल्यावर ट्रॉली धुवावी. पोटॅशचें जें खत सामान्यतः मिळतें, तें मिठाचेंच भावंड आहे. आणि युरियाहि ओल धरून ठेवतो. आमच्या भागांत गोडें पाणी जपून वापरावें लागतें हें मी जाणतों. म्हणून पावसाळ्यांत छपराच्या पन्हाळीचें पाणी दोन पिंपांत धरून ठेवण्याचा प्रघात आम्हीं घातला आहे. धुतांना वरचा पत्रा चकचकीत करण्यांत पाणी दवडूं नये. खालचे सांधे, कोपरे, पाट्यांच्या मधल्या फटी व हुकाची जागा धुवावी. गंज नेहमीं तेथूनच शिरतो.

दुसरा उपाय पाणी सांठूं न देण्याचा. ट्रॉलीच्या तळाच्या कोपऱ्यांत पाणी निघून जाण्यास भोकें असावीं व तीं चिखलानें बुजलीं नाहींत हें पाहावें. चौकोनी पोकळ नळी एका टोंकास उघडी व दुसऱ्या टोंकास बंद असेल, तर तिच्यांत गेलेलें पाणी महिनेमहिने राहतें. तिचीं दोन्ही टोंकें पक्कीं बंद करावीं, नाहीं तर सर्वांत खालच्या बाजूस निचऱ्याचें भोक ठेवावें. उभी करतांना ट्रॉली एका अंगास किंचित् उतरती असावी. तिच्यावर ओला कडबा, शेणखत अथवा भिजलेली ताडपत्री टाकून ठेवूं नये.

तिसरी गोष्ट चाकांची. लांबून आलेल्या गाड्याच्या चाकाचा तुंबा आंतून तापलेला असतो. तसाच तो थंड पाण्यांत घातला, तर आंतली हवा आकसते आणि बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस बिघडतें, बेअरिंग गंजतें, आणि एके दिवशीं भर रस्त्यांत चाक अडतें. होडी पाण्यांत सोडण्यापूर्वीं गाडा थोडा वेळ थांबवून तुंबे निवूं द्यावे. आमच्याकडे हीच काळजी वाहता नाला ओलांडण्यापूर्वीं घ्यावी. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, तुंबे उघडून जुनें ग्रीस काढावें. तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें आहे असें समजावें, आणि बेअरिंग व पाण्याची अटक करणारें कडें दोन्ही तपासावीं.

चौथा उपाय जस्ताचा. पोलाद वितळलेल्या जस्तांत बुडवून काढतात, त्यास आपण गॅल्व्हनाइज म्हणतों. जस्ताचें वैशिष्ट्य असें कीं, तें नुसतें पांघरूण नव्हे. त्यावर ओरखडा पडून लोखंड उघडें झालें, तरी जवळचें जस्त आधीं झिजतें आणि लोखंडास वांचवितें. हें तत्त्व जहाजांवर प्रथम सर हंफ्रे डेव्ही यांनीं १८२४ सालीं योजिलें. इंग्रजी आरमाराच्या जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे असत. समुद्राच्या पाण्यानें ते झिजूं नयेत म्हणून त्यांनीं त्यांस जस्त व लोखंड यांचे तुकडे जोडले. तांबें वांचलें खरें. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानें जे सागरी जीव दूर राहत, ते तळास चिकटूं लागले आणि जहाजांचा वेग मंदावला. उपाय शास्त्रशुद्ध असला तरी तो कोठें लावतों हें पाहावें लागतें, तें असें. त्या भगिनींस माझें सांगणें इतकेंच कीं, नवा गाडा करावयाचा असल्यास सर्व भोकें पाडून व सांधे जोडून झाल्यावर तो जस्तांत बुडवून घ्यावा. कोणी नुसते जस्ताचे तुकडे गाड्यास जोडावयास सांगितलें तर ऐकूं नये; ते फक्त पाण्यांत बुडालेले असतांना काम करतात, आणि गाडा तर बहुतेक वेळ कोरड्यावर असतो.

आतां गंज लागलाच असेल तर काय करावें? आधीं परीक्षा. लहान हातोडीनें सर्व सांगाडा ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर खालीं पापुद्रे आहेत. शंकेच्या ठिकाणीं आरी किंवा टोंचा दाबून पाहावा. वरवरचा गंज, खड्डे पडलेला गंज आणि आरपार गेलेला गंज, असे तीन प्रकार आहेत. आणि तिन्हींस एक औषध नाहीं.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशानें व खरकागदानें चकाकी दिसेपर्यंत काढावा. खड्डे पडले असतील तर त्यांच्या बुडाशीं मीठ दडलेलें असतें. म्हणून घांसल्यावर गोड्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन उन्हांत पूर्ण वाळवावें आणि पुन्हां घांसावें. हें मधलें धुणें बहुतेक लोक गाळतात, आणि मग "रंग वाईट निघाला" म्हणून दुकानदारास दोष देतात. खड्ड्यांत जो थोडा गंज उरतो, त्यावर लावण्याचें द्रव्य बाजारांत मिळतें. कांहींत फॉस्फरिक आम्ल असतें, कांहींत टॅनिन. टॅनिन म्हणजे हिरड्या-आवळ्यांतील तुरट द्रव्य. लोखंडी विळीवर आवळा चिरला कीं पातें काळें पडतें, तें त्याच्याच योगानें. आणि हिरडा व हिराकस यांची जुनी काळी शाईहि याच संयोगाची. गंजाशीं मिळून तें एक काळा, स्थिर थर बनवितें. मात्र सुटा पापुद्रा तसाच ठेवून त्यावर हें द्रव्य फासल्यास उपयोग होत नाहीं.

यानंतर त्याच दिवशीं अस्तराचा रंग द्यावा. रात्रभर उघडें ठेवलेलें लोखंड सकाळीं पुन्हां तांबूस होतें. पूर्वीं अस्तरास शेंदूर वापरीत. हा शेंदूर म्हणजे शिशाचा क्षार. गंजास उत्तम, पण शरीरास विषारी. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण २०१७ पासून दशलक्षांत ९० भागांपर्यंत मर्यादित केलेलें आहे. आतां जस्ताचीं अस्तरें मिळतात, तीं घ्यावीं. परंतु जुन्या गाड्यावरील जुना रंग शिशाचा असूं शकतो. तो कोरडा घांसूं नये, पाणी लावून घांसावा. तोंडास नीट बसणारा मुखवटा बांधावा. आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावें. एकत्र कुटुंबाच्या अंगणांत हें काम निघतें, तेव्हां सर्वांत आधीं नातवंडेंच गोळा होतात, म्हणून मुद्दाम लिहितों. अस्तर देतांना प्रथम कडा, कोपरे व बोल्टांचीं डोकीं रंगवावीं, कारण धारेवर रंग पातळ राहतो; मग सर्व भाग; आणि वर रंगाचे दोन हात. आषाढ-श्रावणांत हें काम करूं नये, आणि वैशाखाच्या दुपारीं तापलेल्या पत्र्यावरहि करूं नये. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या सकाळीं यास उत्तम.

लहान अवजारें, कुलपें, कोयते यांस आमच्या वऱ्हाडांतील जवसाचें तेल चांगलें. उकळून तयार केलेलें हें तेल पातळ लावल्यास हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें व पापुद्र्यासारखें बसतें. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: त्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यांत भिजवून अथवा उघड्यावर पसरून वाळवून मग टाकावे. इंजिनाचें जळकें तेल कांहीं लोक ट्रॉलीस फासतात. ज्या ट्रॉलींतून धान्य यावयाचें, तिला तें लावूं नये.

आतां तिसरा प्रकार. पत्र्यास भोक पडलें असेल तर शाबूत लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडतां येतो. पण दांडा, हूक, आंख, आणि आंखास धरणाऱ्या पट्ट्या व बोल्ट, म्हणजे ज्यांवर ओझें व ओढ येते ते भाग, खोल गंजले असतील तर त्यांस ठिगळ नाहीं, लांबी नाहीं आणि रंग तर मुळींच नाहीं. तो भाग बदलावा. नवा भाग मूळच्याहून हलका नसावा, आणि काम जाणत्याकडूनच करवून घ्यावें. जस्ताचा लेप असलेलें लोखंड तसेंच वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या धुरानें कारागिरास ताप भरतो. सांध्याजवळचें जस्त आधीं काढून उघड्या हवेंत काम करावें. ट्रॅक्टर जोडलेला असल्यास सोडून दूर न्यावा. सांधा निवाल्यावर त्यावरील खपली झाडून लगेच अस्तर द्यावें, कारण नव्या सांध्याजवळच गंज प्रथम धरतो.

यांतील एकहि गोष्ट अवघड नाहीं. आमच्या ट्रॉलीचा दांडा वेळीं बदलला असता, तर त्यास लग्नांतील एका पंगतीहूनहि कमी खर्च आला असता. मीं तो वांचविला, आणि त्याची किंमत ज्यानें दिली, त्याचा त्या निर्णयाशीं कांहींएक संबंध नव्हता. घरांतील वडील मंडळींना माझी नम्र सूचना आहे कीं, जो रोज अवजार हाताळतो तो तरुण "एकदां दाखवून घेऊं" म्हणेल, तेव्हां आपल्या वयाचें वजन काटकसरीच्या पारड्यांत टाकूं नये.

खंडेनवमीस आपण शस्त्रांची व अवजारांची पूजा करतों. आमच्या घरीं आतां त्या दिवशींचा क्रम बदलला आहे. आदल्या दिवशीं ट्रॉली धुऊन पुतण्या हातोडीनें सारा सांगाडा ठोकतो. शेजारीं आमचा तो सालगडी बसलेला असतो. तो अजून आमच्याकडेच आहे. आतां गोठ्याचें व राखणीचें काम पाहतो. थंडींत त्याचा पाय दुखतो, तें तो बोलून दाखवीत नाहीं. बसतांना हात जमिनीस टेकतो त्यावरून कळतें. आवाज ऐकण्याचें काम त्याचें. त्यानें "हं, बरोबर हाये" म्हटल्याशिवाय दुसऱ्या दिवशीं त्या दांड्यावर हळदकुंकू पडत नाहीं.